आईच्या शरीरात राहून गेलेली लेकरं

"मुलं किती?" असं कुणी विचारलं की माझी आजी एका आकड्यात उत्तर देत नसे. "सात झाली, पाच जगली," असं सांगायची. रेशनकार्डाच्या कामाला आलेल्या कारकुनालाही तिने हेच सांगितलं. त्याने पाचच नावं लिहून घेतली, तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली होती. न जगलेल्या दोघांपैकी एक पाचवी पुजायच्या आत गेलं, दुसरं सातव्या महिन्यात पोटातच. त्यांची नावंही ठेवलेली नव्हती. तरी आजीच्या हिशेबात ती होती.

आजीची आठवण निघाली ती मोबाइलवर फिरणाऱ्या एका संदेशामुळे. मातृदिन आला की तो नव्याने येतो. बाळाच्या पेशी आईच्या रक्तात शिरतात, आयुष्यभर तिथेच राहतात आणि आईच्या हृदयाला इजा झाली की धावून जाऊन ते बरं करतात, असा त्याचा मजकूर. खाली गुलाबाची फुलं. मी बरीच वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, म्हणून शेजारच्या बायका मला विचारतात, "बाई, हे खरं आहे का हो?"

यातली पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी पुष्कळ बायकांच्या बाबतीत खरी निघाली आहे. तिसरी उंदरांमध्ये दिसली आहे, माणसांत अजून सिद्ध व्हायची आहे. पण एवढ्यावर सोडून द्यावं असा हा विषय नाही. जे खरं आहे तेच इतकं नवलाचं आहे की त्याला फुलांची जोड लागत नाही.

मध्ये वार असते ना?

शाळेत आपण शिकतो की आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. दोघांच्या मध्ये वार असते, बाळंतपणानंतर पडते ती. तिच्या एका अंगाला आईचं रक्त, दुसऱ्या अंगाला बाळाचं. प्राणवायू आणि साखर बाळाकडे जाते, नको असलेलं आईकडे येतं, रक्त मात्र ज्याचं त्याच्याकडे.

हे ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे सिमेंटची भिंत येते. वार असते कुडाच्या भिंतीसारखी. तुराट्या विणून वर शेणामातीने लिंपलेली. वारा अडतो, पाऊस अडतो, माणूस आरपार जात नाही. पण कुठे ना कुठे फट राहतेच आणि मुंगी आत येतेच.

याचा पुरावा कितीतरी घरांत माहीत आहे. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असला, तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन देतात. बाळाच्या थोड्याशा रक्तपेशी आईकडे आलेल्या असतात, त्यांच्याविरुद्ध आईच्या शरीराने हत्यारं तयार करू नयेत आणि पुढच्या बाळाला धोका होऊ नये, यासाठी ते इंजेक्शन. भिंत पक्की असती तर त्याची गरजच पडली नसती.

ही ये-जा माणसाला कळून शंभरावर वर्षं झाली. 1893 साली गेओर्ग श्मोर्ल या जर्मन डॉक्टरला, गरोदरपणात आकडी येऊन दगावलेल्या बायकांच्या फुप्फुसांत वारेच्या पेशी सापडल्या. तेव्हा वाटलं, हा त्या आजाराचाच भाग असावा. निरोगी गरोदरपणातही पहिल्या काही महिन्यांपासून हे चालू असतं, हे पुढे लक्षात आलं. प्रमाण मात्र फार थोडं. आईच्या एका मिलिलिटर रक्तात चार-पाचशे कोटी पेशी असतात, त्यात बाळाच्या मिळाल्या तर बोटांवर मोजण्याइतक्या.

त्या अवघड नावाचा अर्थ

एका माणसाच्या शरीरात दुसऱ्या माणसाच्या तुरळक पेशी टिकून राहतात, याला मायक्रोकायमेरिझम म्हणतात. ग्रीक पुराणात कायमेरा नावाचा प्राणी आहे, सिंह, बकरी आणि साप यांचं मिळून एक शरीर असलेला. आपल्याकडे किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला दिसतो, तोही असाच अनेक प्राण्यांचा एक. मायक्रो म्हणजे सूक्ष्म, इथे 'अगदी थोडं'. मी पुढे हा शब्द वापरणार नाही. पाहुण्या पेशी म्हणते.

पाहुणा जातो, या का जात नाहीत?

खरं आश्चर्य इथे आहे. रक्तातली तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. बाळाच्या पेशी आईत आल्या तरी बाळंतपणानंतर काही महिन्यांत संपायला हव्यात, असाच सगळ्यांचा समज होता.

1996 साली बॉस्टनमध्ये डायना बियांकी यांच्या गटाने, ज्यांना पूर्वी मुलगे झाले होते अशा बायकांचं रक्त तपासलं. एका बाईच्या रक्तात तिच्या मुलाच्या पेशी सापडल्या, आणि तो मुलगा जन्मून 27 वर्षं झाली होती. घोड्यावर बसून मिरवायचं वय झालेला मुलगा, आणि त्याच्या जन्माआधीच्या पेशी अजून आईच्या रक्तात.

हे कसं होतं ते समजायला विरजण डोळ्यांपुढे आणा. माझ्या सासूबाईंनी माहेरून वाटीभर विरजण आणलं होतं. ते दही त्याच आठवड्यात संपलं. पण रोज एक चमचा राखून नव्या दुधाला लावत गेलं की तीस वर्षांनीही घरात तेच विरजण चालू असतं. बाळाकडून येणाऱ्या पेशींपैकी काही अशा विरजणासारख्या असतात. त्या स्वतः विभागत राहतात आणि नवनव्या पेशी तयार करतात. त्यांना मूळ पेशी म्हणतात, म्हणजे ज्यांचं पुढे काय व्हायचं ते अजून पक्कं ठरलेलं नाही अशा. त्या जिथे वस्ती करतात तिथलं रूप घेऊ शकतात. यकृतात गेली तर यकृताच्या पेशीसारखी, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत गेली तर तिथल्यासारखी.

2012 साली अमेरिकेत सिॲटलच्या संशोधकांनी 59 बायकांच्या मेंदूंची त्यांच्या मृत्यूनंतर तपासणी केली. त्यातल्या 63 टक्के बायकांच्या मेंदूत पुरुषाचा डीएनए सापडला. ज्यांच्या मेंदूत तो मिळाला त्यांतली सर्वांत म्हातारी बाई 94 वर्षांची होती. मेंदूभोवती शरीराने स्वतःच एक कडक पहारा बसवलेला असतो, कितीतरी औषधांनाही तो आत सोडत नाही. तो ओलांडून या पेशी आत गेल्या असाव्यात.

पुरुषाचाच डीएनए का? म्हणजे मुलगेच राहतात का आईजवळ?

हा प्रश्न मला एकीने अगदी आनंदाने विचारला होता आणि माझ्या पोटात खड्डा पडला. म्हणून याचं उत्तर सविस्तर देते.

नागपुरातल्या एखाद्या गल्लीत सातारकर आडनावाचं कुटुंब तीन पिढ्या राहत असेल, तर त्यांची बोली, जेवण, सगळं तिथलंच झालेलं असतं. तरी पाटीवरचं आडनाव वाचलं की मूळ गाव कळतं. आता असं धरा की देशमुखांच्याच वाड्यात दुसऱ्या गावचे देशमुख येऊन राहिले. पाटी वाचून काही समजेल का? कोण मूळचे, कोण आलेले, हे शोधायला घराघरात जाऊन वंशावळी काढाव्या लागतील.

बाईच्या पेशींत वाय गुणसूत्र नसतं. मुलाच्या पेशीत ते असतं, म्हणून ती हजारोंच्या गर्दीतही आडनावाच्या पाटीसारखी ओळखू येते. मुलीच्या पेशीत आईसारखीच दोन एक्स गुणसूत्रं असतात. ती ओळखायला जास्त बारीक आणि खर्चिक तपासणी लागते. म्हणून बहुतेक अभ्यास मुलग्यांच्या पेशींवर झाले. लेकीही तशाच राहतात, फक्त त्यांना हुडकणं कठीण.

आपल्या राज्यात हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र, 1988 साली. देशाचा कायदा त्यानंतर 1994 साली आला. असा कायदा आपल्याला का करावा लागला ते आपण जाणतो. तपासणीच्या सोयीतून आलेली गोष्ट कुणी मुलग्याच्या कौतुकासाठी वापरू नये.

मग या पेशी आईचं भलं करतात का?

इथे मात्र संदेशातल्या वाक्याला आवर घालायला हवा.

न्यूयॉर्कमधल्या शास्त्रज्ञांनी गाभण उंदरिणींच्या हृदयाला मुद्दाम इजा केली. पिल्लांच्या पेशी त्या इजेच्या जागी जाऊन पोचलेल्या आणि हृदयाच्या स्नायूंच्या पेशी बनलेल्या आढळल्या. हे निष्कर्ष 2012 साली छापून आले. बाळंतपणाच्या सुमारास काही बायकांचं हृदय अचानक कमकुवत होतं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी नंतर चांगल्या सावरतात. त्यामागे बाळाच्या पेशींचा हात असेल का, ही शंका रास्त आहे. पण ती अजून शंकाच आहे. छातीत दुखत असेल तर डॉक्टरकडे जा, लेकराच्या पेशींवर भरवसा ठेवून घरी बसू नका.

दुसरी बाजूही आहे. स्क्लेरोडर्मा नावाच्या आजारात त्वचा कडक होत जाते. तो बायकांना जास्त होतो. 1998 साली असं दिसलं की हा आजार असलेल्या बायकांच्या रक्तात मुलांच्या पेशी निरोगी बायकांपेक्षा जास्त होत्या. मग या पेशींमुळेच आजार झाला, की आजार झाला म्हणून त्या मदतीला जमल्या? आग लागलेल्या घरापाशी उभा असलेला माणूस आग लावणारा आहे की पाण्याची बादली घेऊन आलेला, हे नुसत्या फोटोवरून कळत नाही. संशोधक बरीच वर्षं या फोटोपाशीच अडले आहेत.

मला स्वतःला सगळ्यात पटणारा विचार असा, की या पेशी आईच्या भल्याच्याही नाहीत आणि वाइटावरही नाहीत. त्या लेकराच्या आहेत. काही जीवशास्त्रज्ञ म्हणतात की त्या आईच्या स्तनांत, थायरॉइडमध्ये, मेंदूत सापडतात त्याला अर्थ असावा. दूध, अंगाची ऊब आणि माया, बाळाला आईकडून हवं असतं ते सगळं याच ठिकाणांहून येतं. हे अजून सिद्ध झालेलं नाही, पण लेकरू आईला कसं असतं हे ज्या बाईने अनुभवलंय तिला ते परकं वाटणार नाही. लेकरू हट्ट करतं, दमवतं, आणि कधीकधी उठून पाणीही आणून देतं.

परक्या पेशी शरीर हाकलत कशा नाहीत?

मूत्रपिंड बदललं की रुग्णाला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर शरीर ते नवं मूत्रपिंड नाकारतं. बाळ तर अर्धं बापाचं. आईचं शरीर त्याला नऊ महिने कसं सांभाळतं, हा प्रश्न पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1953 साली मांडला. परकं काय आणि आपलं काय हे शरीर कसं शिकतं, यावरच्या कामासाठी त्यांना 1960 चं नोबेल मिळालं.

उत्तराचा एक तुकडा 2008 साली मिळाला, आणि तो उलट्या दिशेने. आईच्या पेशीही बाळात जातात. गर्भाच्या लसीका ग्रंथींमध्ये, म्हणजे काखेत-जांघेत अवधाण येतं त्या गाठींमध्ये, आईच्या पेशी सापडल्या. तिथे बाळाची प्रतिकारशक्ती त्यांच्याकडून एक धडा शिकते: ही आपली आहे, हिच्यावर हात उचलायचा नाही. हा धडा मोठं झाल्यावरही टिकतो. ज्यांनी कधी बाळाला जन्म दिला नाही, जे पुरुष आहेत, त्यांच्याही शरीरात आईच्या थोड्या पेशी असू शकतात. मोठ्या माणसांमध्ये त्या सापडलेल्या आहेत.

आता विरजण पुन्हा आठवा. आईत तिच्या आईच्या पेशी आहेत. तिच्यात मोठ्या मुलाच्या पेशी आहेत. मग धाकटी लेक त्याच पोटात वाढते. तिच्याकडे आईच्याच पेशी जातील, की आजीच्या आणि दादाच्याही? काही बाळांच्या नाळेतल्या रक्तात आजीच्या पेशी मिळाल्याही आहेत. "अगदी आजीवर गेलीय" असं आपण म्हणतो ते गुणसूत्रांमुळे, त्याचा या पेशींशी संबंध नाही. पण आजी चारदोन पेशींच्या रूपाने खरोखर आत बसलेली असू शकते, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले होते.

काही शंका, ज्या हळू आवाजात विचारल्या जातात

एक अफवा अशी फिरते की बाईचा ज्या ज्या पुरुषाशी संबंध आला त्या सगळ्यांचा डीएनए तिच्यात राहतो. ही अफवा बायकांना कमी लेखण्यासाठी पसरवली जाते. मुलगा न झालेल्या काही बायकांतही पुरुषी पेशी सापडल्या, हे खरं. पण त्याची साधी कारणं आहेत: लक्षातही न आलेला गर्भपात, गर्भातच विरलेलं जुळं भावंड, किंवा आईमार्फत आलेल्या मोठ्या भावाच्या पेशी. केवळ संबंधातून अशा पेशी येऊन वर्षानुवर्षं राहतात याला पुरावा नाही.

दुसरी शंका मूल दत्तक घेणाऱ्या आईची. "माझ्यात माझ्या लेकीची एकही पेशी नाही, मग आमचं नातं कच्चं का?" हे विचारणाऱ्या बाईचे डोळे मला आठवतात. मी तिला म्हटलं, या पेशी माया तयार करत नाहीत. त्या आपल्यात आहेत हे कुणाला जाणवतसुद्धा नाही, प्रयोगशाळेत जाऊनच कळतं. बाप लेकरासाठी रात्र जागतो तेव्हा त्याच्यात लेकराची पेशी नसते. गोकुळातल्या यशोदेचंही नाव आपण आई म्हणूनच घेतो. नातं घडतं ते भरवण्यातून, तापात कपाळावर ठेवलेल्या पट्टीतून, शाळेच्या फाटकाशी थांबण्यातून. पेशींची गोष्ट त्याच्या बाजूला घडणारी आहे, त्याच्या जागी बसणारी नव्हे.

जी जगली नाहीत, त्यांचं काय?

पेशींची ये-जा पहिल्या काही महिन्यांतच सुरू होते. त्यामुळे गर्भ पडला किंवा पाडावा लागला, तरी त्याच्या पेशी आईत राहू शकतात. 2002 साली बियांकी यांच्याच गटाने एका बाईची हकीकत मांडली. तिला यकृताचा जुना आजार होता. तपासासाठी काढलेल्या यकृताच्या तुकड्यात पुरुषी पेशी मोठ्या संख्येने दिसल्या. त्या कुणाच्या हे शोधत गेल्यावर खूण मिळाली ती सुमारे दोन दशकांपूर्वी अर्धवट राहिलेल्या एका गरोदरपणाची. जे बाळ जगात आलंच नाही, त्याच्या पेशी तिच्या यकृतात वाढल्या होत्या.

ज्यांचं बाळ असं गेलं त्यांना लोक म्हणतात, "विसरून जा, होईल दुसरं." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण ज्या शरीराला हे सांगतो, ते कदाचित विसरलेलं नसतं, एवढं तरी आपल्याला आता ठाऊक आहे.

आजीच्या शरीरात तिच्या त्या दोघांच्या पेशी होत्या की नव्हत्या, हे कुणी तपासलं नाही, आता तपासता येणारही नाही. मी सांगते ती डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी पोळ्याच्या दिवशी, श्रावण अमावास्येला, आजी पिठोरीचं व्रत करायची. आपल्याकडचा मातृदिन तोच. पूजा झाली की खीर-पुरीचं ताट डोक्यावर धरायचं आणि मागे न बघता विचारायचं, "अतीत कोण?" अतीत म्हणजे अतिथी, पाहुणा. मागे उभ्या असलेल्या लेकराने "मी" म्हणायचं आणि ताटाला हात लावायचा. माझे वडील, दोन्ही काका, आत्या, सगळे मोठे झालेले, केस पिकायला आलेले, तरी ओळीने मागे उभे राहून "मी" म्हणत.

आजी सात वेळा विचारायची. पाच वेळा उत्तर यायचं. शेवटच्या दोन वेळा मागे कुणी बोलायचं नाही, आम्ही नातवंडंही नाही, तसं आम्हाला आईने बजावलेलं असायचं. ताट डोक्यावर तसंच धरून आजी थांबायची. प्रत्येकासाठी थांबायची तेवढाच वेळ.